हे यंत्र बंद करू नये

त्या दसऱ्याला सदामामांची नोकरी गेली.

नाही, तसं काही झालं नाही. मी चुकून शेवट आधी लिहिला. तो वाचलाच नाही असं समजा. सदामामांची नोकरी शाबूत आहे. खंडेनवमीची सकाळ आहे, दहा वाजलेत, आणि मामा मिरज एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात चार कॉम्प्युटरांसमोर झेंडूच्या माळा घेऊन उभे आहेत.

"साहेब, समदे बंद करायचे?"

"सगळे," मगदूम साहेब केबिनमधून म्हणाले. "आज शस्त्रं खाली ठेवायची. तलवार असो नाहीतर कीबोर्ड. फक्त तो चिठ्ठीवाला सोडून. तो चालू ठेवूनच पूजा करा."

"चालू देवाची पूजा. बरं."

भूपाल मगदूम आमचे मालक. आधी ते शेतीपंप विकायचे, मग पंपांचे कंट्रोल बॉक्स, मग कोल्ड स्टोरेजचे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे ठरवणारी पेटी आम्ही बनवायचो. पेटीतला प्रोग्राम मी लिहायचो, म्हणजे माझ्या आधीचे इंजिनिअर इनामदार यांनी लिहिलेल्या प्रोग्रामकडे बघत बसायचो. मी तेवीस वर्षांचा, प्रोबेशनवर. इनामदार मार्चमध्ये सिंगापूरला निघून गेले होते.

सदाशिव गुरव, म्हणजे सदामामा, ऑफिसचे शिपाई. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. ते आकडा रोज सांगायचे. मामा बोलायचे. एवढंच लिहून भागत नाही. मामा चहा ओतताना बोलायचे, कप उचलताना बोलायचे, कुणी ऐकत नसेल तर पाण्याच्या पिंपाशी बोलायचे. त्यांच्या गावच्या देवळात पूजेचा मान गुरवांच्या घरात होता, त्यामुळे ऑफिसच्या पूजेला वेगळा भटजी लागायचा नाही.

चारही कॉम्प्युटर काळे, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. त्यांतल्या एकाला आम्ही 'आजोबा' म्हणायचो. आजोबांच्या मॉनिटरला इनामदारांनी पिवळी चिठ्ठी लावली होती : "हे यंत्र बंद करू नये." दर खंडेनवमीला इनामदार स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसायचे. ही त्यांच्याशिवायची पहिली.

पावणेअकराला मामांनी यंत्रं बंद केली. चारही. कारण चिठ्ठी कुठल्याच मॉनिटरवर नव्हती. चिठ्ठीला मान देणं मामांच्या स्वभावात होतं, पण ती आधी कुठेतरी दिसायला हवी होती.

मग त्यांनी मागच्या खोलीत जाऊन शर्ट काढला, सोवळं नेसले आणि चारही यंत्रांची अशी साग्रसंगीत पूजा केली की प्रिंटरसुद्धा गंभीर दिसायला लागला. साहेबांनी नारळ फोडला. पेढे झाले. बाराला यंत्रं पुन्हा सुरू झाली. आजोबाही सुरू झाले. अगदी छान, ताजेतवाने, कपाळावर हळदकुंकू.

आणि त्यांना काहीही आठवत नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगतो. प्रोग्राम माणसाने लिहिलेला असतो. तो यंत्राला पचेल असा करून घेण्याला बिल्ड म्हणतात. गहू आणि चपाती यांत जेवढं अंतर, तेवढंच. हे बिल्ड आजोबांवरच व्हायचं, एका काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून. हुकूम ऐकणाऱ्याला शेल म्हणतात. शेलला मधूनमधून नावं सांगून ठेवता येतात, म्हणजे डबे, वर नाव लिहिलेले. पुढे हुकमात त्या डब्याचं नाव आलं की शेल झाकण उघडून आतला माल ओततो. इनामदारांनी दोन वर्षांपूर्वी अशा एका डब्यात कॉम्प्रेसरची किल्ली ठेवली होती. किल्ली म्हणजे परवलीचे शब्द. ते बरोबर आले तरच कॉम्प्रेसर आमच्या पेटीचं ऐकायचा. गुपित फाइलमध्ये लिहू नये, असं इनामदारांचं तत्त्व होतं. म्हणून डबा फक्त यंत्राच्या आठवणीत होता; वीज गेली तरी आजोबा बॅटरीवर जागे राहायचे. यंत्र बंद, डबा गेला.

शेलची गंमत अशी की डबा नसला तरी तो तक्रार करत नाही. साखर नाही असं सांगत नाही. रिकामा हात कपावर झटकतो आणि पुढे जातो. चहा झाला म्हणतो.

तसं बिल्ड झालं. काही चुकलं नाही. मी ते फोनच्या लाइनवरून तासगाव रोडच्या नव्या कोल्ड स्टोरेजला पाठवलं. तिथे आमच्या चौगुले मॅडम पेटीशेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अकराच्या मुहूर्तावर उद्घाटन होतं.

पाच मिनिटांनी मॅडमचा फोन. "तन्मय, कॉम्प्रेसर म्हणतोय किल्ली चुकीची. लाल दिवा एकदा लुकलुकला."

"एकदाच ना?"

"तीनदा लुकलुकला की लॉक होतो. मग कंपनीला पत्र, त्यांचा माणूस पुण्याहून, एकवीस दिवस. पत्रक माझ्या हातात आहे."

मगदूम साहेब माझ्यामागे उभे होते. त्यांनी मामांना हाक मारली.

"मामा, आजोबा तुम्ही बंद केला?"

"व्हय. चिठ्ठी न्हवती साहेब. चारी सारकेच."

"मग चिठ्ठी गेली कुठे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, पेढ्याचा कागद उलगडायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाले, "वाऱ्यानं गेली असंल."

"पंखे बंद होते," साहेब म्हणाले.

मामा काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, ऑफिसात सगळ्यांच्या हे लक्षात आलं. इतक्या वर्षांत प्रथमच मामांना एक वाक्य सुचलं नव्हतं.

"उद्या अकराला तो कॉम्प्रेसर सुरू झाला नाही," साहेब अगदी हळू म्हणाले, "तर मामा, परवापासून तुम्ही येऊ नका. चौदा महिने-बिहिने मी बघणार नाही. आता घरी जा."

मामांनी शर्टाची घडी पिशवीत घातली, गंजीवरच उपरणं घेतलं आणि सायकल काढली.

तर अडचण एवढीच होती : उद्या अकरापर्यंत एक डबा भरायचा. मामांची नोकरी त्या डब्यात होती.

दीड वाजता इनामदार सिंगापूरहून फोनवर सापडले. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"किल्ली ना, आठवते की," इनामदार खुशीत म्हणाले. "रोमन अक्षरांत थंड, मग डॉलरचं चिन्ह, लगेच हवा, मग मोकळी जागा, मग एकवीस. कॉम्प्रेसरवाल्यांची अट होती, किल्लीत एक तरी चिन्ह हवंच. म्हणून डॉलर घातला."

"झालं तर मग!" साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"अं... साहेब, तसं नाही. शेलला डॉलर दिसला की त्याला वाटतं, पुढे डब्याचं नाव आलं. तो 'हवा' नावाचा डबा शोधणार. तो नाहीच. म्हणजे हवा गेली."

"हवा गेली?"

"थंड उरलं. मधे तीन दारं आहेत साहेब, प्रत्येक दारात एकजण डॉलर बघून हात घालतो. शेवटच्या दारातून एक डॉलर बाहेर पडावा म्हणून पहिल्या दारात नेमकं काय लिहायचं, ते मी दोन दिवस डोकं फोडून काढलं होतं. आता आठवत नाही बुवा. पण काळजी करू नका, जशीच्या तशी ओळ लिहून ठेवलीय."

"कुठे?"

"त्या पिवळ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आवटी, चिठ्ठी शोधलीत का नीट?"

"हो साहेब. नाही सापडत."

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी सुरुवातीला गाळली.

सकाळी साडेदहाला, मामा झेंडूच्या पाकळ्या सोडत पिंपाशी बोलत होते तेव्हा, मी आजोबांच्या मॉनिटरवरची ती चिठ्ठी काढली. खाली माझ्या पेनाने एक ओळ वाढवली : "एकदा बंद झाल्यास पुन्हा असे चालणार नाही." आणि मामांच्या पाठीवर, शर्टाच्या बरोबर मध्ये, टेपने चिकटवली. त्यांची अखंड बडबड आणि पाठीवर 'हे यंत्र बंद करू नये'. मला हे फार भारी वाटलं. दोन माणसं हसलीसुद्धा. मग मामा पाठीवर चिठ्ठी घेऊन चारी यंत्रांसमोरून फिरले, चिठ्ठी कुठे दिसते का ते बघत, आणि एकेक बटण दाबत गेले. मी तोवर पेढे आणायला बाहेर गेलो होतो. पाच मिनिटांत परत लावणारच होतो. दुकानात रांग होती.

तर चिठ्ठी कुठे आहे हे मला माहीत होतं. मामांच्या पिशवीत, शर्टाच्या घडीत, मालगावच्या वाटेवर, सायकलच्या हँडलला. मामांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. 'चहा' या नावाने.

फोन करायचा, तर साहेबांच्या समोर करावा लागला असता. "मामा, तुमच्या पाठीवर मी चिकटवलेला कागद" हे वाक्य माझ्या घशात तयार होतं. फक्त ते बाहेर काढायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "साहेब, चिठ्ठी कशाला लागते? मी काढतो की शोधून. इंजिनिअर आहे मी."

"किती वेळ?"

"तासभर."

अवतरणचिन्हांबद्दल मला पुस्तकातलं सगळं येत होतं. दुहेरी अवतरणात ठेवलं तर शेल आत डोकावतो, डॉलर दिसला की उलगडतो. एकेरी अवतरण म्हणजे सोवळं, आत कुणाचा हात जात नाही. मी किल्ली एकेरीत टाइप केली. डब्यात काय गेलंय ते पडद्यावर छापून पाहिलं. थंड, डॉलर, हवा, मोकळी जागा, एकवीस. एकदम बरोबर. साहेबांनाही दाखवलं. साहेबांनी वाचून मान डोलावली, जणू स्वतःच लिहिलंय.

बिल्ड केलं. पाठवलं. मॅडमचा फोन आला.

"दुसऱ्यांदा लुकलुकला."

"असं कसं? डब्यात बरोबर आहे!"

डब्यात बरोबरच होतं. पण बिल्डचा कारभार 'मेक' नावाचा दुसरा कारकून बघतो, आणि त्याचा स्वतःचा डॉलरबद्दलचा नियम आहे. त्याला डॉलर दिसला की तो डॉलर आणि पुढचं एकच अक्षर गिळतो. पुढे 'अवा एकवीस' शिल्लक. कुणी कुरकुर केली नाही. त्या साखळीतल्या प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि पुढच्याकडे थोडं कमी दिलं.

हे मला इंटरनेटवर वाचून साडेतीनला कळलं. साहेब केबिनमध्ये बसून अगरबत्ती लावत होते, सकाळचीच, पुन्हा.

"आवटी, मामांनाच विचारू का एकदा? झाडताना कुठे ठेवली असेल."

"नको साहेब," मी म्हणालो. इतक्या झटकन म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. "त्यांना कशाला त्रास. कळलंय मला. मेकला डॉलर हवा असेल तर दोन डॉलर द्यायचे. एक तो खातो, एक पुढे देतो."

"लाच आहे ही."

"तसंच."

"खात्री आहे?"

इथे मी थांबायला हवं होतं. लाल दिवा दोनदा लुकलुकला होता. चहा नावाचा नंबर खिशात होता. मालगाव स्कूटरवर वीस मिनिटं. आजही कुणी विचारलं, दोन डॉलर कशाला, किल्ली सरळ प्रोग्राममध्येच लिहून का नाही टाकलीस, तर एवढंच सांगेन : सुचलं नाही. त्या दुपारी मला फक्त एक गोष्ट सुचत होती : कागदाशिवाय जमवून दाखवायचं. जमलं असतं, तर तो कागद कधी नव्हताच.

"हो साहेब," मी म्हणालो. "खात्री आहे."

दोन डॉलर लिहिले. मेकने एक खाल्ला, एक इमानदारीने पुढे दिला. पुढे शेवटच्या दारात पुन्हा तो पहिलाच शेल बसला होता, दुहेरी अवतरणाचं दार उघडं टाकून. त्याने डॉलर पाहिला, 'हवा' नावाचा डबा शोधला, डबा मिळाला नाही, रिकामा हात झटकला आणि पुढे गेला.

पाच वाजता मॅडम फोनवर म्हणाल्या, "तन्मय."

फक्त एवढंच म्हणाल्या.

मगदूम साहेब ओरडले नाहीत. ते ओरडतील म्हणून मी तयारी केली होती, त्यामुळे ती तयारी वाया गेली. ते चारही यंत्रांच्या कपाळांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इतकी पूजा केली होती हो."

दसऱ्याच्या सकाळी नऊला माझ्या खोलीचं दार वाजलं. मी भाड्याने राहायचो, स्टेशनच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर. मामा जिने चढून आले होते. पांढरी टोपी, हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या तन्मयराव. सोन्यावानी ऱ्हावा."

मी त्यांच्या पाया पडलो. दसऱ्याला पडतात, त्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

"बसा ना मामा. चहा करतो."

"तुमी करणार च्या? आज न्हाई, तब्येत बरी हाय माजी." ते हसले. मग खिशातून चौकोनी घडी काढली. पिवळा कागद, टेप तसाच. "हा तुमचा कागद. सोवळं नेसताना शर्ट काडला तवा सापडला."

मी घेतला नाही. त्यांनी तो पानांच्या खाली, माझ्या हातात सरकवला.

"मामा... साहेबांना का नाही दाखवलात काल?"

"तुमचं अक्षर हाय की त्यावर. मी शाळा चौथीच शिकलोय, पर तुमचं अक्षर वळखतो, रोज च्याच्या वहीत असतं. साहेबांनी बघितलं असतं तर काय? तुमी परोबेशनवाले. काल लागलेली नोकरी. माजे काय, चौदाच म्हैने हुते." त्यांनी टोपी नीट केली. "आन मला वाटलं, तुमी शिकल्याली माणसं. ह्या कागदाबिगर करशीला."

मला वाटतं, मी "हो" म्हणालो.

"एक इचारू?"

"विचारा."

"हसली का माणसं? माज्या मागं?"

"दोघं हसले मामा."

"मंग झालं," मामा म्हणाले. "काय लिवलंय ते मी वाचलं. बरोबर लिवलंय."

ते जिना उतरले. मी कठड्यावरून पाहत राहिलो. तीन मजले उतरताना ते एकदाही कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर दूधवाला भेटला, त्याच्याशीसुद्धा नाही.

मी कागद उलटा केला. इनामदारांचं बारीक, सुबक अक्षर. एकेरी अवतरण, थंड, मग दोन डॉलर. दोन डॉलर माझे बरोबर होते. फक्त त्यांच्या आधी एक उलटी तिरकी रेघ होती, शेवटच्या दारातल्या माणसासाठी. म्हणजे त्याला सांगायचं, बाबा, याला उलगडू नकोस, जसा आहे तसा जाऊ दे.

एक रेघ.

अकराला साहेबांकडे जाऊन सगळं सांगायचं ठरवलं. अकराला, कॉम्प्रेसर बंद असला तरी, उद्घाटनाला गर्दी असेल, म्हणून बारा. बाराला ते जेवत असतील. मग दसऱ्याचा दिवस, कशाला. मग दुसऱ्या दिवशी मामांच्या जागी साहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा पिंप भरत होता, गुपचूप, कानात हेडफोन घालून. ऑफिस इतकं शांत झालं की आजोबांचा पंखा ऐकू यायला लागला. डिसेंबरमध्ये माझं प्रोबेशन संपलं. साहेबांनी पत्रात 'जबाबदार' असा शब्द घातला होता.

आता ती कंपनी नाही. त्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे. मगदूम साहेब मुलीकडे नाशिकला असतात. मामा तीन वर्षांपूर्वी गेले, असं चौगुले मॅडमनी कळवलं. बोलता बोलता गेले, की गप्प असताना, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

आपल्याकडे काही झालं की अर्ज करतात. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, अर्ज करायची सवय मोडली, पण नमुना आठवतो. पत्ता काय लिहावा ते कळत नाही, म्हणून ती जागा मोकळी ठेवली आहे. मोकळ्या जागेबद्दल कुणी तक्रार करत नाही, हे मला एव्हाना माहीत आहे.

प्रति,
मा. ______________ यांस,

विषय : खंडेनवमीच्या दिवशीची दहा मिनिटे रद्द करणेबाबत.

महोदय,

मी, खाली सही करणार तन्मय आवटी, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, सदर दिवशी सकाळी १०.३० ते १०.४० ही वेळ झालीच नाही असे समजण्यात यावे. त्या वेळेत अर्जदाराने आजोबा या यंत्रावरून काढलेली पिवळी चिठ्ठी मूळ जागी आहे असे गृहीत धरण्यात यावे. पुराव्यादाखल मूळ चिठ्ठी सोबत जोडली आहे; तिच्यावरील खालची ओळ अर्जदाराची असून ती खरी निघाली आहे.

तरी श्री. सदाशिव गुरव, शिपाई, यांना उर्वरित चौदा महिने पूर्ववत बोलू देण्यात यावे, ही नम्र विनंती. त्यांना बंद करू नये.

आपला विश्वासू,
तन्मय आवटी